फ्रेंच इंटरनॅशनल शाळेत घालावं का? घरात कोणालाच फ्रेंच येत नाही (सिंगापूर, पुढे कुठेही)

कोथरूडकरीण
नमस्कार मंडळी. नवऱ्याची कंपनी फ्रेंच आहे आणि ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून सिंगापूरला जातोय. पहिलं पोस्टिंग तीन वर्षांचं, त्यानंतर कुठे ते आत्ता कोणीच सांगत नाही, कधी हनोई म्हणतात, कधी कासाब्लांका, पॅरिसला हेड ऑफिसात पण बोलावू शकतात. कंपनी फ्रेंच शाळेची फी पूर्ण देते, बाकी इंटरनॅशनल शाळांची अर्धी. मुलगा तिसरी पास झालाय, सीबीएसई. मुलगी साडेचार वर्षांची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, सोसायटीत खेळताना हिंदी. फ्रेंच म्हणजे नवऱ्याला ऑफिसात ऐकून ऐकून जी चार वाक्यं येतात तेवढंच.

सासूबाईंचं म्हणणं की पोरांच्या डोक्यावर अजून एक भाषा कशाला, तिकडे भारतीय शाळा आहेत की चांगल्या. तिथल्या सरकारी शाळेत बाहेरच्यांना एईआयएस नावाची परीक्षा देऊन आणि जागा असेल तरच घेतात, म्हणजे तो रस्ता तसा बंदच धरून चाललोय. मला मुलीची काळजी नाही पण मुलगा लाजरा आहे, वर्गात पहिल्या पाचात असतो, आणि उद्या वर्गात बसून एक अक्षर कळत नाहीये म्हटल्यावर त्याचं काय होईल या विचाराने झोप लागत नाही. ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत किंवा होती त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

दुबईचीआई
ताई, आमची दोन्ही मुलं दुबईत फ्रेंच शाळेत आहेत आणि आम्ही दोघंही मूळचे साताऱ्याचे, फ्रेंचचा गंध नव्हता. मी सगळ्यात आधी उलटा प्रश्न विचारते, सिंगापूरनंतर तुम्ही फ्रेंच शाळांच्याच जाळ्यात राहणार आहात का? कारण या शाळांचा खरा फायदा तो आहे. एईएफई म्हणून फ्रेंच सरकारची संस्था आहे, 1990 ला सुरू झालेली, तिच्या जाळ्यात जगभर साधारण 130 च्या वर देशांत 500 च्या वर शाळा आहेत, आणि अभ्यासक्रम सगळीकडे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचा. सिंगापूरला मुलगा सीएम१ म्हणजे प्राथमिकच्या चौथ्या वर्गात असेल आणि मधेच हनोईला बदली झाली तर तिकडे तो सीएम१ मध्येच बसतो, प्रवेश परीक्षा नाही, अभ्यास जवळपास तोच. आमच्या शेजारचं एक कुटुंब जाकार्ताहून आलं, त्यांच्या मुलीला वर्गात फक्त माणसं नवीन होती, वह्यासुद्धा त्याच रेघांच्या. हेच ब्रिटिश शाळेतून भारतीय बोर्डात आणि तिथून आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात असं दर तीन वर्षांनी केलं असतं तर पोराचं काय झालं असतं सांगा.

पण एक गोष्ट नक्की बघा, शाळेच्या नावात फ्रेंच आहे एवढ्यावर जाऊ नका. मंत्रालयाची मान्यता असते तिला ओमोलोगासिओं म्हणतात आणि ती इयत्तांच्या टप्प्याप्रमाणे मिळते. एखाद्या लहान गावातल्या शाळेला प्राथमिकपुरतीच असते आणि पुढचे वर्ग सीएनईडी म्हणजे त्यांच्या सरकारी दूरशिक्षणावर चालतात. सिंगापूरची शाळा मोठी आहे, 1967 पासूनची, आंग मो किओला, बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं आहे. पण तुमच्या पुढच्या गावी काय आहे ते बदलीला हो म्हणायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

आणि फीचं कंपनीला लेखी विचारा. वार्षिक फी देतात, पण पहिल्या प्रवेशाची जी वेगळी रक्कम असते, परत न मिळणारी, ती धरून का? बस, जेवण, सहली? हे सगळं मिळून बरंच होतं.

फ्रेंचमास्तरीण
या विषयावर मला बरंच सांगायचंय, लांब होईल, वाचून घ्या. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकले, काही वर्षं शिकवलं, आणि आता आग्नेय आशियातल्या एका फ्रेंच शाळेत फ्रेंच न येणाऱ्या मुलांना फ्रेंच शिकवते. म्हणजे तुमच्या मुलासारखी मुलं हेच माझं रोजचं काम.

आधी इयत्ता समजून घ्या कारण नवीन पालकांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. तीन ते सहा वर्षं मातेर्नेल, त्यात पेतीत, मॉयेन आणि ग्रांद असे तीन वर्ग. मग प्राथमिकची पाच वर्षं, सीपी, सीई१, सीई२, सीएम१, सीएम२. मग कोलेजची चार वर्षं आणि तिथे आकडे उलटे मोजतात, सहावीपासून सुरू होऊन पाचवी, चौथी, तिसरी. आणि शेवटी लिसेची तीन, सगोंद, प्रमिएर, तेर्मिनाल. वर्ग ठरतो तो जानेवारी ते डिसेंबर या जन्मवर्षावरून, जूनची किंवा सप्टेंबरची तारीख धरून नाही, त्यामुळे डिसेंबरमधलं बाळ वर्गात सगळ्यात लहान असतं आणि शाळा सहसा त्यात बदल करत नाही. तुमची मुलगी आत्ता साडेचारची, म्हणजे या वर्षात पाच पूर्ण करेल आणि ग्रांदमध्ये जाईल, मुलगा सीएम१ मध्ये.

मुलीचं मी बिनधास्त सांगते, घाला. मातेर्नेल ही फार विचार करून उभी केलेली गोष्ट आहे, फ्रान्समध्ये तर 2019 पासून तीन वर्षांपासूनच शिक्षण सक्तीचं आहे. दिवसभर गाणी, गोष्टी, कात्री, चिकणमाती, उड्या मारणं, आणि हे सगळं बोलत बोलत. वर्गात बाईंच्या जोडीला एक मदतनीस असते, आसेम म्हणतात, आमच्याकडच्या आसेम मुलांचे अश्रू पुसण्यापासून बुटाच्या नाड्या बांधण्यापर्यंत सगळं करतात आणि तेही फ्रेंचमध्ये बोलत. नव्या मुलाचं फ्रेंच बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. पहिले काही महिने मुलगी वर्गात गप्प बसेल, घरी येऊन गाणी म्हणेल ज्यांचा अर्थ तिलाही माहीत नसेल, घाबरू नका, ते गप्प बसणं म्हणजे ऐकणं असतं. लिहिणं आधी मोठ्या कॅपिटल अक्षरांत, मग ग्रांदमध्ये हळूहळू अक्षरं जोडून लिहायची वळणदार लिपी.

सीपी म्हणजे आपली पहिली, तिथे वाचायला शिकवतात आणि ते अगदी आपल्या बाराखडीसारखं, म ला आ मा, म ला इ मी. मराठी घरातली मुलं इथे पटकन पकड घेतात असं मी बघितलंय. शब्दाच्या शेवटी लिहायची पण उच्चारायची नाहीत अशी अक्षरं मात्र पुढची पाच वर्षं पिच्छा सोडत नाहीत.

आता मुलाबद्दल. सीएम१ मध्ये फ्रेंच न येता येणं अवघड आहे, हे मी गोड करून सांगणार नाही. त्या वर्गात मुलं क्रियापदं चार काळांत चालवत असतात, दर आठवड्याला दिक्ते म्हणजे शुद्धलेखन असतं, इतिहासात राजे-राण्या, भूगोल, सायन्स सगळं फ्रेंचमध्ये, कविता पाठ करून सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायची. शाळेला तीन गोष्टी विचारा. एक, फ्रेंच न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग आहे का आणि आठवड्याला किती तास. दोन, ते तास कोणत्या विषयाच्या वेळी पडतात, कारण गणित आणि खेळाच्या तासाला मुलाला बाहेर काढलं तर ज्या दोन ठिकाणी तो चमकू शकतो तेच जातात, यावर भांडलात तरी चालेल. तीन, पहिल्या वर्षी गुण कसे देतात. आमच्याकडे पहिल्या वर्षात त्याची तुलना वर्गाशी न करता त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करतात.

आणि आत्ता एप्रिल आहे, तुमच्या हातात चार महिने आहेत. पुण्यात आलियाँस फ्राँसेझ आहे, शिकवणारे भरपूर आहेत, रोज एक तास फक्त बोलणं. व्याकरण नको. मला तहान लागली, मला समजलं नाही, परत सांगा, मी तुमच्यात खेळू का. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची कारण पहिला आठवडा मैदानावर कसा जातो त्यावर पुढचे सहा महिने ठरतात.

कोथरूडकरीण
फ्रेंचमास्तरीण ताई किती किती धन्यवाद. गणिताच्या तासाचं तर माझ्या डोक्यातही आलं नसतं. गणित त्याचा आवडता विषय आहे, ते तरी सारखंच असेल ना?

फ्रेंचमास्तरीण
गणित तेच, मांडणी वेगळी. भागाकारात आपण भाजक डावीकडे लिहितो, ते उजवीकडे लिहितात आणि भागाकार त्याच्या खाली. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम, साडेतीन म्हणजे 3,5. आणि तोंडी आकडे म्हणजे 70 ला साठ-दहा, 80 ला चार-वीस, 97 ला चार-वीस-दहा-सात असं म्हणायचं, तोंडी गणितात मुलाला उत्तर येत असतं पण तोंडातून आकडा बाहेर पडेपर्यंत दुसरा सांगून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे आर्दुआझ, छोटी पाटी. शिक्षक प्रश्न विचारतात, सगळे पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरतात. लाजऱ्या मुलांसाठी यासारखं साधन नाही, बोलावं लागत नाही आणि बाईंना कळतं की याला येतंय.

वह्या मात्र वेगळ्या असतात, सेयेस म्हणतात त्या आखणीला, 8 मिलिमीटरचे चौकोन आणि आत 2 मिलिमीटरवर बारीक रेघा. एल हे अक्षर तीन रेघा वर न्यायचं, डी आणि टी दोनच. हे काटेकोर बघतात. वही ऑनलाइन मिळते, आत्ताच मागवून सुट्टीत गिरवून घ्या, पहिल्या दिवशी निदान वही ओळखीची वाटेल.

नागपुरी_संत्रं
मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. आम्ही आफ्रिकेत एका देशात होतो, मुलगी मातेर्नेलपासून सीएम१ पर्यंत फ्रेंच शाळेत, छान चाललं होतं, आणि माझ्या वडिलांच्या आजारपणामुळे एकदम नागपूरला परत यावं लागलं. तिला फ्रेंच उत्तम, इंग्रजी बोलायला ठीक पण लिहायला दोन वर्षं मागे, मराठी बोलायला येतं पण वाचता येत नाही, हिंदी तर शून्य. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यापासून सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, म्हणजे ते टाळता येत नाही आणि टाळावं असं मला वाटतही नव्हतं, पण चौथीतल्या मुलीला बाराखडीपासून सुरू करावं लागलं. वर्गातली मुलं हसायची. ज्या शाळेत पहिली घातली तिथल्या बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवून सोडून दिलं, शेवटी शाळा बदलली तेव्हा ती सावरली.

नागपुरात फ्रेंच शाळा नाही. भारतात दिल्ली, मुंबई, पुदुच्चेरी, बंगळुरू अशा मोजक्याच गावी आहेत. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की बदलीवर असलेल्या माणसाने परतीचा रस्ता आधी बघावा. आईवडील थकलेले असतील, पाच वर्षांत परत यायची शक्यता असेल, तर कंपनी फी देते म्हणून फ्रेंच शाळा घेऊ नका, अर्धी फी खिशातून घाला आणि भारतीय किंवा इंग्रजी शाळेत घाला. आणि काहीही केलंत तरी मराठी लिहायला वाचायला घरी शिकवा, रोज अर्धा तास, कंटाळा आला तरी.

दुबईचीआई
नागपुरी भाऊ तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच मी पहिला प्रश्न तोच विचारला होता. एक दोन वर्षांसाठी फ्रेंच शाळा घेण्यात अर्थ नाही. घेतली तर निदान प्राथमिक पूर्ण करायची तयारी पाहिजे, आणि बाक म्हणजे त्यांच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत जाणार असाल तर मग यासारखं शिक्षण नाही.

मराठीचं आम्ही असं केलं की शनिवारी मंडळाची शाळा आणि रोज झोपताना एक गोष्ट, ती मराठीच. शाळा सुद्धा हेच सांगते. पहिल्याच मीटिंगमध्ये मी विचारलं की आम्ही घरी फ्रेंच बोलायला सुरुवात करू का, तर बाई म्हणाल्या अजिबात नको, तुमची भाषा नीट बोला, फ्रेंच आमच्यावर सोडा.

लिऑनमधली_मी
नमस्कार, मी आई नाही, त्या शाळांमधून शिकलेली मुलगी आहे, सीई२ पासून बाकपर्यंत दोन देशांत. आता लिऑनला इंजिनियरिंग करते. आईने हा धागा पाठवला म्हणून लिहितेय, मराठी टायपिंग सांभाळून घ्या.

कोथरूडकरीण काकू, मी पण फ्रेंच न येता सीई२ मध्ये गेले होते. पहिल्या वर्षातलं मला आठवतं ते एवढंच की सगळं खूप जोरात आणि भरभर चाललंय आणि मी कायम शेजारच्याची वही बघतेय. कोणीही वाईट वागलं नाही. पण थकायला व्हायचं, घरी येऊन मी दुपारी झोपायचे जे आधी कधीच झोपायचे नाही. आई त्या वेळी क्लासेस लावायचा विचार करत होती, बाबांनी नाही लावू दिले, म्हणाले पोर दमलीये, आणि मला वाटतं तो फार चांगला निर्णय होता. मुलाला शाळेनंतर लगेच काही शिकवू नका. खाऊ द्या आणि मराठीत बडबड करू द्या. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी मधल्या सुट्टीत भांडतेय आणि फ्रेंचमध्ये भांडतेय.

गुणांचं आधीच समजून घ्या नाहीतर घरात रडारड होईल. कोलेजपासून गुण 20 पैकी असतात आणि 20 सहसा कोणाला देत नाहीत, भाषा आणि इतिहासात तर नाहीच. 10 म्हणजे पास, 12 ठीक, 14 चांगलं, 16 म्हणजे खूप चांगलं. बाकच्या प्रमाणपत्रावर सुद्धा 12, 14 आणि 16 ला मानाचे शेरे आहेत. माझे आजोबा 13 बघून म्हणाले 65 टक्केच? त्यांना समजावता समजावता आईचा जीव गेला. भारतातल्या नातेवाईकांना टक्के करून सांगूच नका.

कोलेजला गेल्यावर आयुष्य प्रोनोतवर चालतं, म्हणजे ते सॉफ्टवेअर ज्यात वेळापत्रक, गृहपाठ, गुण, गैरहजेरी सगळं दिसतं, पालकांना पण. शिक्षक आला नाही तर तास रद्द, आणि मुलं अभ्यासिकेत किंवा परवानगी असेल तर घरी. वी स्कोलेर म्हणून एक ऑफिस असतं, उशीर झाला, डोकं दुखतंय, वस्तू हरवली, सगळं तिकडे जायचं, त्यांचे प्रमुख सीपीई. मला तिकडच्या लोकांनी जेवढं सांभाळलं तेवढं कुठल्या शिक्षकाने नसेल. आणि वर्गातून दोन प्रतिनिधी मतदानाने निवडतात, खरंखुरं मतदान, दर तिमाहीला सगळे शिक्षक बसून एकेका मुलाबद्दल बोलतात त्या मीटिंगला ते दोघं आणि पालकांचे प्रतिनिधी पण बसतात. मी चौथीला म्हणजे तिकडच्या चौथीला, आपल्या आठवीला, प्रतिनिधी होते. मुख्याध्यापकांसमोर उभं राहून वर्गाची तक्रार नीट शब्दांत मांडायची हे मी तेरा वर्षांची असताना केलंय, आणि त्याचा उपयोग मला आजही होतो.

सगळ्यात जास्त मला आवडलं ते तेर्मिनालचं फिलॉसॉफी. आठवड्याला चार तास, सायन्सच्या मुलांनाही, आणि परीक्षेत चार तासांत एका प्रश्नावर निबंध. स्वातंत्र्य म्हणजे काय, सत्य सगळ्यांसाठी एकच असतं का, असले प्रश्न. पहिले तीन महिने काही सुचत नव्हतं. सर म्हणायचे की मत सगळ्यांना असतं, तुझं मत कशावर उभं आहे ते लिही, आणि मग त्याच्या विरुद्ध जे सगळ्यात भक्कम आहे ते लिही. असं कोणी मला त्याआधी शिकवलं नव्हतं. शेवटी ग्राँ ओराल असतं, आपल्या विषयातल्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलायचं आणि मग दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. लाजऱ्या मुलांना त्याची भीती वाटते पण सीएम१ पासून कविता उभं राहून म्हणून म्हणून तोंड उघडायची सवय झालेली असते.

कांतीनचं कोणी विचारलं नाही पण सांगते. जेवण व्यवस्थित वाढलेलं, सुरुवातीचं काही, मुख्य पदार्थ, चीज, फळ. आम्ही शाकाहारी, एका शाळेत सोय होती, दुसरीत नव्हती म्हणून डबा न्यायचे आणि डब्यासाठी लेखी परवानगी लागली. आधी विचारून ठेवा.

अनामिक_बाबा
वरच्या ताईंनी छान लिहिलंय. माझा प्रश्न पुढचा आहे. मुलगी आत्ता सगोंदला आहे आणि तिला भारतात एमबीबीएस करायचंय. फ्रेंच बाक घेऊन नीट ही प्रवेश परीक्षा देता येते का? शाळेतल्या सल्लागारांना फक्त फ्रान्स आणि कॅनडा माहीत आहे.

लिऑनमधली_मी
काका, विषय निवडताना आत्ताच काळजी घ्या. 2021 पासून नवीन बाक आहे, पूर्वीच्या सायन्स-आर्ट्सच्या शाखा गेल्या. प्रमिएरला तीन खास विषय घ्यायचे, तेर्मिनालला त्यातला एक सोडून दोन ठेवायचे, आणि त्या दोघांना बाकमध्ये प्रत्येकी 16 टक्के वजन. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, म्हणजे तिला फिजिक्स-केमिस्ट्री आणि एसव्हीटी म्हणजे बायोलॉजी हे दोन शेवटपर्यंत ठेवावे लागतील आणि गणित सोडावं लागेल. गणित अगदीच सुटू नये म्हणून तेर्मिनालला पूरक गणिताचा ऐच्छिक विषय आहे तो घेता येतो. इंजिनियरिंगवाल्यांनी गणित आणि फिजिक्स-केमिस्ट्री ठेवायचं.

अडचण अशी की फिजिक्स आणि केमिस्ट्री इकडे एकच विषय आहे, गुण एकच, आणि भारतातले फॉर्म वेगवेगळे मागतात. माझ्या मैत्रिणीने शाळेकडून लेटरहेडवर पत्र घेतलं होतं की या विषयात दोन्ही शिकवलं जातं. शिवाय एआययू म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं त्याची प्रक्रिया आधी वाचून ठेवा. आणि खरं सांगायचं तर नीटचा अभ्यास हा पूर्ण वेगळा आहे, बाकमध्ये समजावून लिहायला शिकवतात आणि तिकडे चार पर्यायांतून मिनिटाच्या आत उत्तर. दोन्ही एकत्र करणारी मुलं आहेत पण त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत बाकी काही नव्हतं.

फ्रान्सला यायचं असेल तर फ्रेंच बाकवाल्यांना इथल्या मुलांसारखंच पार्कूरसुप या सरकारी प्रवेश-पोर्टलवरून अर्ज करता येतो. युरोपबाहेरच्यांना 2019 पासून सरकारी विद्यापीठांत जास्त फी ठरवलीये, तरी इंग्लंड अमेरिकेच्या मानाने खूप कमी. आणि एक्सेलाँस-मेजर नावाची शिष्यवृत्ती आहे जी फक्त या परदेशातल्या फ्रेंच लिसेंमधल्या फ्रेंच नागरिक नसलेल्या हुशार मुलांसाठीच आहे, ती जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. याबद्दल शाळेत तेर्मिनालच्या सुरुवातीलाच विचारा.

पुदुच्चेरी_जुना
शिष्यवृत्तीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी पुदुच्चेरीत गेली. तिथली लिसे 1826 ची आहे, या जगभरच्या फ्रेंच शाळांतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, आणि आजही थेट फ्रेंच सरकारची संस्थाच ती चालवते. माझ्या शेजारच्या तमिळ घरातली मुलं तिथे शिकायची आणि त्यांना फीमध्ये मोठी सवलत होती, आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाला एका रुपयाचीही नव्हती. कारण साधं आहे, एईएफईची शाळेतली फीची मदत फक्त फ्रेंच नागरिक मुलांना मिळते. 1962 मध्ये हस्तांतराचा करार लागू झाला तेव्हा ज्या कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व निवडलं त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ती मिळते. म्हणून कोथरूडकरीण ताईंना सांगणं, उद्या नवऱ्याने कंपनी बदलली तर ती पूर्ण फी तुमच्या अंगावर येईल आणि मदत कुठूनही मिळणार नाही. हा हिशोब कागदावर करून बघा.

मोका_मॉरिशस
मॉरिशसहून लिहितेय. नवरा एबेनला आयटीत. इथे फ्रेंच शाळांची गंमत वेगळी आहे कारण फ्रेंच बाहेर रस्त्यावर पण आहे, पेपर फ्रेंच, टीव्ही फ्रेंच, आणि मैदानात मुलं क्रेओल बोलतात. क्युरपिपची लिसे ला बुर्दोने 1953 ची. आमचा मुलगा वर्षाच्या आत बोलायला लागला आणि त्यात शाळेपेक्षा शेजारच्या आजीचा हात मोठा आहे.

इथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात, पिढ्यान् पिढ्या इथेच असलेली मराठी माणसं आहेत, रत्नागिरीकडून 19 व्या शतकात आलेली, आणि मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी वरपर्यंत शिकता येतं. फ्रेंच शाळेत गेलं की ती सोय नाही. म्हणून आम्ही इथल्याच एका मराठी शिक्षिकेला घरी बोलावतो. त्यांचे पणजोबा कोकणातले, त्या स्वतः कधी महाराष्ट्रात राहिल्या नाहीत, आणि माझ्या मुलाला मुळाक्षरं त्यांनी शिकवली. तुम्हाला जिथे जाल तिथे असं कोणीतरी मिळेल, शोधायचं.

सुरेखा_ठाणे
छोटा प्रश्न. टिकली, गंडा, गळ्यातलं लॉकेट चालतं का? फ्रान्समध्ये बंदी आहे असं ऐकलं.

दुबईचीआई
2004 चा जो कायदा आहे तो फ्रान्समधल्या सरकारी शाळांसाठी आहे, ठळक दिसणाऱ्या धार्मिक खुणा चालत नाहीत. परदेशात तिथल्या देशाचे कायदे आणि शाळेची स्वतःची नियमावली, रेग्लमाँ आँतेरिएर. प्रत्येक शाळेचं वेगळं आहे. प्रवेशाच्या वेळी त्यावर सही करावी लागते त्यामुळे वाचून करा. आमच्याकडे मुलीच्या टिकलीवर कोणी काही बोललं नाही. उलट दिवाळीला वर्गात पणत्या रंगवल्या होत्या, तसंच जानेवारीत गालेत देऱ्वा म्हणजे तो केक ज्यात एक छोटी बाहुली लपवतात, ज्याला मिळते तो राजा. मुलं दोन्हीची वाट बघतात.

कोथरूडकरीण
सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं, नवऱ्याला पण वाचून दाखवलं. काल रात्री दोघांनी बसून ठरवलं. मुलगी फ्रेंच शाळेतच, ग्रांदमध्ये. मुलाचं असं की नवऱ्याने कंपनीशी बोलून लेखी घेतलंय की पुढची बदली जिथे पूर्ण मान्यतेची फ्रेंच शाळा आहे अशाच गावी, आणि निदान सहा वर्षं बाहेर. तसं असेल तर तोही फ्रेंच शाळेत. सोमवारपासून रोज संध्याकाळी एक मुलगी घरी येणार आहे त्याच्याशी फ्रेंच बोलायला, फक्त बोलायला. त्याला स्वतःला विचारलं तर म्हणाला गणिताच्या तासाला बाहेर काढणार नसतील तर जाईन. मी कपाळावर हात मारला आणि मग रडू पण आलं.

सासूबाईंनी अट घातलीये की रोज रात्री व्हिडिओवर त्या दोघांना मराठी वाचायला घेणार. मी लगेच हो म्हटलं.

आता कागदपत्रांचं सांगा. जन्मदाखला मराठी-इंग्रजी आहे तो चालेल का, आणि सीबीएसईच्या प्रगतीपुस्तकांचं भाषांतर लागतं का?

फ्रेंचमास्तरीण
ताई फार छान ठरवलंत. इंग्रजी असलेला जन्मदाखला बऱ्याच शाळा घेतात पण फ्रान्सला बदली झाली तर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून फ्रेंच भाषांतर लागेल, पुण्यात असतानाच करून दोन-तीन प्रती घेऊन ठेवा. लसीकरणाचं पुस्तक मूळ न्या. मुलाची मागच्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं इंग्रजीत आहेत तर बहुतेक चालतील, शाळेला मेल करून विचारा, आणि भारतीय शाळेतून येतोय म्हणून त्याची एक छोटी चाचणी घेतील, गणित आणि इंग्रजी वाचन, त्याला तसं आधीच सांगून ठेवा.

पुढे सिंगापूरहून निघताना शाळेकडून सर्तिफिका द रादिआसिओं मागायचा, म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला, आणि लिव्रे स्कोलेर म्हणजे त्याची आतापर्यंतची सगळी नोंद. फी बाकी असेल तर दाखला अडतो. कंपनी फी भरते म्हणून आपण निवांत राहतो आणि शेवटच्या तिमाहीचे पैसे त्यांच्याकडेच अडकलेले असतात, असं मी दर जूनमध्ये बघते. मे महिन्यातच विचारून घ्या.

कोथरूडकरीण
लिहून ठेवलं. सेयेसच्या वह्या पण मागवल्या, पुढच्या बुधवारी येतायत.